गाण्यात नाव कुणाचं घालायचं

स्टुडिओ म्हटलं की लोकांना फोटोचा स्टुडिओ वाटतो. हिंगोलीत आमच्या पाटीवर माइकचं एवढं मोठं चित्र आहे, तरी अधूनमधून कुणीतरी केस विंचरून पासपोर्ट साइझ फोटो काढायला जिना चढून येतं. त्याला मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पाठवते. माझ्याकडे येतात ते गाणारे. मागे कंपनी नाही, मुंबईत ओळख नाही, स्वतःच्या खिशातून गाणं करून यूट्यूबवर टाकणारे. भजनवाले, भीमगीतं गाणारी मुलं, कव्वालीवाले, हळदीची गाणी डीजेच्या तालावर बसवणारे, आणि निवडणूक आली की उमेदवारांचे मेहुणे.

धंदा काय ते आधी सांगते, कारण माझ्या सख्ख्या बहिणीलाही तो अजून कळलेला नाही. गाणारा बंद खोलीत गातो. वाजवणारे वेगळे वाजवतात, पुष्कळदा वेगळ्या दिवशी. प्रत्येकाचा आवाज कॉम्प्युटरात आपापल्या वेगळ्या ट्रॅकवर राहतो, म्हणजे ढोलकी चुकली तर फक्त ढोलकी बदलता येते. मग ते सगळं एकत्र करायचं, त्याला मिक्सिंग म्हणतात. पंगतीत वाढप्यांना शिस्त लावण्यासारखं ते काम आहे. सगळे एकदम वाढायला आले तर ताटात काहीच धड पडत नाही. कुणी पुढे यायचं, कुणी मागे थांबायचं, कुणी नुसतं पाणी विचारून जायचं, हे ठरवणारी मी.

नवऱ्याचा मंडप आणि लाऊडस्पीकरचा व्यवसाय. त्याच्या गाद्या ठेवायची वरची खोली मी घेतली. गाद्या बाहेर काढल्या नाहीत, भिंतींना उभ्या केल्या, आणि खोलीत आवाज घुमायचा थांबला. एक अडचण मात्र अजून आहे. शेजारी मिरची कांडायची गिरणी आहे. ती सुरू झाली की रेकॉर्डिंग बंद. गिरणीवाल्याशी आम्ही भांडून पाहिलं, गोडीने पाहिलं. आता तो मिरची घालायच्या आधी भिंतीवर दोन थापा मारतो, एवढी सुधारणा झाली आहे.

मिक्स बरं झालंय की नाही, हे मी महागड्या हेडफोनवर ठरवत नाही. समोरच्या घरी ट्रॅक्टर आहे, त्यावर मालकाने लावलेले दोन मोठे स्पीकर आहेत. पेनड्राइव्ह देते आणि त्याला एक चक्कर मारायला लावते. ट्रॅक्टरच्या इंजिनावरून शब्द ऐकू आले तर गाणं जमलं. आमच्या भागात गाणं शेवटी तिथेच वाजणार असतं.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. कनेरगाव नाक्याचा एक धाबेवाला स्वतःच्या धाब्यावर लावायला स्वतःच्या आवाजात गाणं करायला आला होता. ऐकल्यावर त्याचं तोंड उतरलं.

“काहून व मॅडम, आवाज जाड येऊन राहिला माजा.”

“तुमचा आवाजच जाड आहे.”

“मंग मशीन कशाला घेतली तुमी? फोटोत कसं माणूस गोरं करून देतेत, तसा करा न थोडा.”

मी करून दिला. असलं काम मी रोज करते. आवाज सुरात ओढणं, खोकला काढणं, श्वास पुसणं, कडव्यातली एक ओळ उचलून दुसऱ्या कडव्यात बसवणं. त्यात फसवणूक आहे असं मला कधी वाटलं नाही. साडीला फॉल लावतो आपण, तसंच.

जवळा बाजारच्या जुबेदाबींचं काम मात्र मला असं सरळ जमलं नाही. तेच सांगायचं आहे.

आधी त्यांच्या मुलीचा फोन आला. नाज़नीन नाव, औंढ्याला औषधाच्या दुकानात काउंटरवर बसते. “ताई, अम्मीचं एक गाणं भरून घ्यायचं हाय. पुढच्या आठवड्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन हाय, त्याच्या आधी.” गळ्यातली गाठ वाढली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बोलायला आवाज राहील, गायला राहीलच असं सांगता येत नाही.

जुबेदाबी बांगड्या विकतात. आठवडी बाजारात त्यांची पेटी ठरलेल्या जागी असते, एरवी गावोगाव. मुसलमानांच्या लग्नात चुडा भरायला जातात, पाटील-देशमुखांच्या लग्नातही जातात. आणि चुडा भरून झाला की ढोलक मांडीवर घेऊन एक गाणं म्हणतात. ते गाणं भागातल्या बायकांना माहीत आहे. नाज़नीनला ते स्वतःच्या लग्नासाठी हवं होतं. लग्न ठरलेलं नव्हतं. स्थळं येत होती, जात होती.

“अम्मीनं सगळ्या दुनियेच्या पोरीइला म्हणलं,” ती फोनवर म्हणाली. “माज्या वक्ताला आवाजच नसला तर?”

मला हिशेब सोपा वाटला. एक बाई, एक ढोलक, एक गाणं. चहा यायच्या आत होईल म्हटलं.

जुबेदाबी आल्या त्या ठेंगण्या, ठसठशीत, ओढणीची गाठ मारलेल्या. गळ्याला एका बाजूने फुगवटा दिसत होता. जिना चढून दम लागला होता, तरी बसायच्या आधी त्यांनी गाद्यांवरून हात फिरवला. “कापूस चांगला हाय,” म्हणाल्या.

मी हेडफोन दिला. त्यात एक टकटक वाजते, ताल धरून ठेवायला. त्यांनी तो कानावर धरला आणि लगेच काढला.

“हे कोन टोचून राहिलं?”

“खाला, त्याच्या बरोबर गायचं. म्हणजे लय पळत नाही.”

“लय पळती म्हणून तर बाया उठून नाचतात, बाई.”

बरं, टकटक काढली. मग म्हटलं, आधी ढोलक वाजवा, आवाज नंतर घेऊ. ते तर त्यांना समजलंच नाही. ढोलक मांडीवर नसली तर गाणं येईल कुठून? त्या वाजवणार, गाणार, आणि नाज़नीन शेजारी बसून ढोलकीच्या लाकडावर चमचा आपटणार. पूर्वीपासूनची तीच रीत. म्हणजे सगळं एकाच वेळी, एकाच माइकात. माझ्या धंद्यात याला अडचण म्हणतात, कारण मग काहीच वेगळं काढता येत नाही. ओळ बदलायची तर ढोलक-चमच्यासकट सबंध ओळ बदलावी लागते. पण गिऱ्हाइकाला गाता आलं पाहिजे, मग बाकीचं. मी दार लावलं.

आवाज सुरू झाला आणि मी खुर्चीत सरळ बसले. मी आवाजांनी भारावून जाणारी बाई नाही. आवाज म्हणजे माझ्यासाठी पडद्यावरची रेघ असते. ती रेघ वर जाताना पातळ होत नव्हती, एवढंच सांगते. गळ्यात गाठ असून.

धृपद आलं. “हौले पहना चूड़ी गे, हमारी...” आणि ढोलक थांबली.

“काय झालं?”

“नाव कुनाचं?” जुबेदाबींनी विचारलं.

“नाज़नीनचं. तिच्यासाठीच तर चाललंय.”

त्यांनी ढोलकीवर हात सपाट ठेवला. “न्हाई. रिश्ता पक्का व्हायच्या आधी पोरीचं नाव या गान्यात घेत न्हाईत. घेतलं तर चुडा अडतो.”

ओळ अशी आहे: “हौले पहना चूड़ी गे, हमारी अमुकतमुक की कलाई कच्ची.” म्हणजे बांगडी हळू घाल, हिचं मनगट कोवळं आहे. अमुकतमुकच्या जागी नवरीचं नाव. प्रत्येक कडव्यानंतर ते येतं. लग्न ज्या मुलीचं, तिचंच नाव. लग्न ठरायच्या आधी घेतलं तर ठरत नाही, असा समज. नाज़नीनला हे माहीत असणार, पण स्टुडिओत ते चालून जाईल असं तिला वाटलं असावं.

“अम्मी, ये शादी थोड़ी है. मशीन है.”

“मशीन के कान नई क्या?”

“अम्मी.”

“तेरेकू शादी की इत्ती जल्दी कायकू पड़ी गे?”

“जल्दी मेरेकू नई,” नाज़नीन म्हणाली, “डॉक्टर कू है.”

तिने चमचा खाली ठेवला. मी मध्ये पडले, कारण आमच्या कामात अडलेली ओळ पुढे काढायचे शंभर मार्ग असतात आणि मला ते सगळे येतात असा माझा समज होता.

पहिला मार्ग: नावाच्या जागी नुसतं ला-ला म्हणा. त्या म्हणाल्या. ते इतकं वाईट झालं की त्यांचं त्यांनाच हसू आलं. “पोरगी हाय का लावारिस माल,” म्हणाल्या. दुसरा मार्ग: जागा मोकळी सोडा, लग्न ठरलं की येऊन तेवढं नाव भरा. हे बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोलले. नाव भरायला या येतील, तेव्हा आवाज कुठला असेल? नाज़नीन माझ्याकडे बघत होती. मी विषय पुढे नेला.

तिसरा मार्ग माझा हातखंडा. गाऊ नका, साधं बोला. मुलीला हाक मारायला तर बंदी नाही ना? त्यांनी माइकसमोर साध्या आवाजात “नाज़नीन” म्हटलं. मी ते उचललं, मशीनने सुरात ओढलं, ताणलं, ओळीत बसवलं आणि ऐकवलं. दोघी मायलेकींनी शांतपणे ऐकलं.

“ये तो बँक में नंबर पुकारने वाली बाई है,” जुबेदाबी म्हणाल्या.

अगदी बरोबर होतं. बाईने गावं आणि मधेच काउंटर क्रमांक तीन यावा, तसं. मी परत प्रयत्न केला, परत तेच. मग भिंतीवर दोन थापा पडल्या आणि मिरचीची गिरणी सुरू झाली.

चहा मागवला. मला राग आला होता. समजुतीचा नाही. प्रत्येक घरात काहीतरी असतंच, आमच्याकडे पोटुशी बाईसमोर पाळण्याचं गाणं म्हणत नाहीत. राग याचा की मुलीची मागणी बरोबर होती आणि आईची नकारघंटाही तिच्याच काळजीपोटी होती. दोघींतली एक चुकत असती तर मी तिला समजावलं असतं.

जुबेदाबींनी बशी खाली ठेवली आणि माझा हात धरून मनगट दाबलं.

“तुजं माप दोन-सहा. दोन-चारच्या बांगड्या घालून राहिली, म्हणून वळ पडला.”

“त्यातच मिळाल्या होत्या.”

“ज्यानं घातल्या त्याला अक्कल न्हाई. मला एकदा हात दिसला की माप बराबर लक्षात राहतं. नाव भी. बाजारात पोरगी आली की मी तोंड न्हाई बघत, हात बघते. जवळ्याची वैष्णवी दोन-दोन. तिची बहीन मोठ्या हाडाची, दोन-आठ. सिद्धेश्वरच्या कोळ्याची ती रेणुका, मासळीनं हात खरखरीत, तरी चुडा कसा जातो, साबन न्हाई लागत.” मग जरा थांबून म्हणाल्या, “बाई, तुज्या मशीनमधी नावं किती मावतात?”

“कितीही.”

“कितीही?”

“तुम्ही थकाल, ती थकणार नाही.”

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. गिरणी थांबेपर्यंत ढोलकीची दोरी ताणत बसल्या. गिरणी थांबताच म्हणाल्या, “लाव. आन् मी थांबले तरच बंद कर.”

गाणं पहिल्यापासून सुरू झालं. धृपद आलं. “हौले पहना चूड़ी गे, हमारी वैष्णवी की कलाई कच्ची.” मी चमकले, पण मशीनला हात लावला नाही. कडवं, परत धृपद: “हमारी रेणुका की कलाई कच्ची.” सगळी कडवी झाली आणि गाणं संपायच्या ऐवजी त्या नुसत्या धृपदावर राहिल्या. शबाना, पूजा, रुकैया, आम्रपाली, तबस्सुम. डोळे मिटलेले. आठवडी बाजाराची सगळी रांग त्यांच्या पेटीसमोर येऊन हात पुढे करत होती आणि त्या प्रत्येकीला ओळीत बसवून पुढे पाठवत होत्या. प्रत्येक नावावर वेगळी हरकत. आम्रपालीला चार अक्षरं पुरेनात म्हणून वर एक हेलकावा, रुकैयाच्या शेवटी एक छोटी गिरकी. मुलींच्या चालण्यातलं काहीतरी त्यात असावं असं मला वाटलं, पण ते मी कशावरून सांगणार?

मग त्याच रांगेत, मध्ये कुठेही न थांबता, “हमारी नाज़नीन की कलाई कच्ची” येऊन गेलं. लगेच पुढे सुनीता.

चमचा एक ठोका चुकला. आईने डोळे न उघडताच कोपर मारलं आणि चमचा परत चालू झाला.

आणखी बऱ्याच मुली झाल्यावर त्या थांबल्या. घाम पुसला, गळ्यावरून हात फिरवला. “आता एवढ्या पोरींत नजर कोनाला हुडकनार?” म्हणाल्या. “हुडकू दे.” मग बोट माझ्याकडे: “पन तू हे नाव बाकीच्यांतून आत्ता काढायचं न्हाई. बात पक्की झाली की काढ. तंवर सगळ्या पोरी एकाच डब्यात.”

मी कबूल केलं. समजूत पाळायची की नाही हा त्यांचा प्रश्न; फाइल कुठे कापायची हा माझा धंदा, आणि तो गिऱ्हाइकाच्या सांगण्यानेच करायचा असतो.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. टाके निघाल्यावर जुबेदाबी स्टुडिओत आल्या तेव्हा बोलणं व्यवस्थित होतं, थोडं घोगरं. मी विचारायच्या आधी त्यांनीच धृपद म्हणून दाखवलं. खालचा भाग आला. वर जायची वेळ आली तिथे नुसती हवा आली. त्यांनी परत करून पाहिलं नाही. “बोलन्यात तर फरक न्हाई न? धंदा बोलन्यावर हाय,” म्हणाल्या, आणि कामाचं बोलायला लागल्या.

काम असं होतं की वैष्णवीचं लग्न ठरलं होतं. “नाव घेतलं म्हनजे गानं द्यावं लागतं, बाई. फुकट नाव घेत न्हाईत.” म्हणजे मुलगी लपवायला बाकीच्या मुली उभ्या केल्या, त्या सगळ्यांचं आता देणं लागत होतं. मी वैष्णवीची ओळ उचलली, सगळ्या धृपदांत बसवली आणि गाणं तयार केलं. चुड्याच्या पेटीबरोबर जुबेदाबी ते पेनड्राइव्हवर घेऊन गेल्या. मग शबाना झाली. मग आम्रपाली. प्रत्येक वेळी त्या चुडा भरत आणि मग मांडवातल्या स्पीकरवर त्यांचा जुना आवाज गाई. मी एकदा पाहायला गेले होते. बायका आधी स्पीकरकडे बघत, मग यांच्याकडे, आणि मग हात वाजवायला लागत. जुबेदाबी ढोलक वाजवत, ओठ हलवत नसत.

नाज़नीन फोन करून विचारायची, “ताई, माजा नंबर कदी?” आवाजात थट्टा असायची, पण ती फोन करायची.

मग वसमतचं स्थळ पक्कं झालं. जुबेदाबींनी स्वतः फोन केला. “काढ आता,” म्हणाल्या. एवढंच.

मी फाइल उघडली. आतापर्यंत इतक्या मुलींच्या ओळी कापल्या होत्या की हात सरावले होते. नाज़नीनची ओळ वेगळी काढली, एकटी ऐकली, आणि थांबले.

तिच्यावर काहीच नव्हतं. हेलकावा नाही, गिरकी नाही. सगळ्या गावाच्या मुलींना त्यांनी नटवून पाठवलं होतं आणि स्वतःची मुलगी गर्दीतून मान खाली घालून, कुणाच्या नजरेत न येता जावी, तशी काढली होती. वरून चमच्याचा तो चुकलेला ठोका. हे आता प्रत्येक कडव्यानंतर येणार, मांडवात, सासरच्या माणसांसमोर.

आता नवं रेकॉर्डिंग शक्य नव्हतं. पण दुरुस्ती शक्य होती, आणि दुरुस्ती मला येते. तिच्या लगेच पुढची सुनीताची ओळ सुंदर होती. तिच्या सुराचा चढउतार घेतला, नाज़नीनच्या आवाजाला तसं वळण दिलं. गाताना म्हटलेलं नाव होतं, त्यामुळे या वेळी बँकेतली बाई आली नाही. ढोलक-चमचा वेगळे निघत नव्हते, म्हणून तो ठोका दुसऱ्या ओळीतून ढोलकीसकट उचलून जोडला. गिरणीच्या दोन पाळ्या यात गेल्या. झालेलं काम माझ्या आयुष्यातल्या चांगल्या कामांपैकी होतं. कुणाला सांधा सापडला नसता. ट्रॅक्टरवरसुद्धा ऐकलं.

तरी दोन्ही ठेवल्या, एक जशीच्या तशी, एक दुरुस्त. नाज़नीनला बोलावलं. ती दुकानातून सुट्टी घेऊन एकटीच आली. हातात लग्नाच्या खरेदीच्या पिशव्या होत्या, त्या मांडीवरच ठेवून बसली. मी काही न सांगता आधी दुरुस्त केलेली लावली. तिने ऐकली, मान हलवली. “छान हाय. पन कुनाच्या तरी दुसऱ्याच्या लग्नाला आल्यासारखं वाटतंय.”

मग साधी लावली. सांगितलं की यात हरकत नाही, ठोका चुकलाय, आईने लपवताना घाईत म्हटलंय.

ती ओळ आली आणि गेली. नाज़नीन हसायला लागली.

“घरी अम्मी असंच बोलावती, ताई. नाज़नीन, भात उतार.”

“मग हीच?”

“हीच.” पिशव्या सावरत ती उठली. “आन् तो ठोका राहू द्या. कोपर लई जोरात लागलं होतं.”

ती जिना उतरून गेल्यावर मी दुरुस्त केलेली फाइल पुसून टाकली.